मूठभरचा पहिला शब्द

"मी जिवंत आहे तोवर ही लिफ्ट अडकायची नाही!" लिफ्टवाल्यानं बायकोला ठणकावून सांगितलं. हॉस्पिटलच्या त्या लिफ्टची देखभाल त्याच्याकडेच होती, आणि संसारापेक्षा तिची काळजी तो जरा जास्तच घ्यायचा.

"लिफ्टचं राहू द्या. पोरगं कधी बोलणार ते बघा," बायको म्हणाली.

तिच्या कडेवरच्या पोराला घरात 'मूठभर' म्हणायचे. सातव्या महिन्यातच घाईघाईनं आला होता. आला तो तळहातावर मावेल एवढा. पाठोपाठ आतड्याचं दुखणं, मग रक्तात जंतू. कित्येक आठवडे काचेच्या पेटीत काढले. शेजारचं यंत्र 'टिंग टिंग' बोंबललं, की नर्स आधी बोटानं बटण दाबून त्याला गप्प करायची आणि मग बाळाकडे बघायची.

आता दोन वर्षांचा झाला, तरी तोंडून शब्द नाही. फक्त 'टिंग टिंग'. अगदी हुबेहूब. एखाद्या वस्तूकडे टक लावून 'टिंग टिंग' करायचा, तिला बोट लावायचा आणि गप्प व्हायचा. ती वस्तू बंद पडायची. आधी फ्रिज गेला, मग मिक्सर, मग सासूबाईंचं कानाचं यंत्र. सासूबाईंची मात्र काही तक्रार नव्हती.

लिफ्टवाल्याची छाती फुगायची. "माझ्यावर गेलंय! बिघाड आधीच ओळखतं."

"ओळखतं, की करतं?" बायको हळूच म्हणायची.

त्याच हॉस्पिटलातल्या तपासणीच्या खोलीत डॉक्टरबाईंनी मूठभरपुढे रंगीत ठोकळे मांडले.

"बोलेल ना हो?" आईनं विचारलं.

"उशिरा, पण बोलेल असं वाटतंय. खात्री देत नाही. ज्या दिवसांत मेंदूनं पोटात निवांत वाढायचं, त्या दिवसांत हा आजाराशी झुंजत होता. काही जोडण्या उशिरा होतात. काही वेगळ्याच होतात."

"वायरिंगच की!" लिफ्टवाला खूश झाला.

बाईंनी मूठभरच्या डोळ्यांपुढे छोटी बॅटरी धरली. "टिंग टिंग," तो म्हणाला आणि बोट लावलं. उजेड गेला.

"सेल गेले असतील." बाईंनी नवे घातले. तरी उजेड नाही. बाई हसल्या, पण खुर्ची त्यांनी जरा मागे घेतली.

मूठभरनं मान वळवून बापाकडे पाहिलं.

"बाबा."

स्पष्ट. गोड.

"अहो, ऐकलंत?" आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लिफ्टवाला गुडघ्यांवर बसला. "परत म्हण रे, राजा!"

मूठभर हसला.

"टिंग टिंग."

"अहो, हात धरा त्याचा!"

"करू दे गं. माझं काय बिघडणारे?"

इवलंसं बोट शर्टावर फिरलं. डावीकडे थांबलं. दाबलं.

छातीतली धडधड बंद झाली.

बाहेर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली.