रहीमबेगांचा वार

कांडेगडावर गुरुवार उजाडला तेव्हा खालच्या पठारावर शत्रूच्या राहुट्या धुक्यातून एकेक करून दिसू लागल्या. वेढ्याचा तो पंच्याण्णवावा दिवस होता. गडावर सत्तर माणसे उरली होती आणि टाक्यात तीन दिवसांचे पाणी.

त्याच पहाटे एक जासूद दोरावरून तट चढून आला. किल्लेदार मानकोजी दरेकरांचे वीस वर्षांचे स्नेही, ठाणेदार रहीमबेग यांनी त्याला पाठवले होते. कागद नव्हता. पकडला गेला तरी भेद फुटू नये म्हणून बेगांनी त्याच्याकडून एक कोडे पाठ करून घेतले होते. उत्तर त्यालाही ठाऊक नव्हते.

त्याने सांगितले, "मी येईन त्या दिवसाच्या कालच्या कालचा काल, म्हणजे आपण अबलख घोडी घेतली तो वार. माझा वार लागताच पूर्व दरवाजाशी येतो. दार मोकळे ठेवा."

मानकोजी बोटे मोजत राहिले. त्यांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या, "बोटं कशाला मोजता? घोडी नांदेवाडीच्या बाजारात घेतलीत. घरी आणली तेव्हा लंगडत होती, मी विसरेन होय? तो बाजार बुधवारचा."

"बरं. मग?"

"बुधवारचा उद्या गुरुवार, त्याचा शुक्रवार, त्याचा शनिवार. बेगसाहेब शनिवारी येणार."

उत्तर बरोबर होते.

पूर्व दरवाजा हत्तींनी फोडू नये म्हणून आतून दगडांनी भरून काढला होता. तो मोकळा करायला दोन प्रहर लागणार होते. शुक्रवारी रात्री गुपचूप दगड उपसावेत आणि शनिवारी उजाडताना दार उघडावे, असे ठरले.

शुक्रवारी सूर्य मावळला आणि घळीतून घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. दोनशे स्वार, पाण्याच्या पखाली घेऊन, सरळ पूर्व दरवाजाशी आले. वेढ्याच्या मोर्च्यांमधून शत्रू उठला. मानकोजी धावत खाली आले आणि नुसत्या हातांनी दगड ओढू लागले. माणसे आली, सगुणाबाईही आल्या. वरच्या फटीतून बाहेरचा आवाज स्पष्ट येत होता.

"मानकोजीराव, दार?"

"बेगसाहेब, आज शुक्रवार आहे. आपण शनिवार सांगितलात."

"सूर्य मावळला ना? मग लागला शनिवार."

मानकोजींचे हात थांबले. बेगांच्या घरी वार संध्याकाळी लागतो, हे त्यांना माहीत होते. ईदचा चंद्र त्यांनी बेगांच्या गच्चीवर बसून कितीदा पाहिला होता. पण कोडे सोडवताना ते कुणालाच आठवले नाही, आणि घालताना बेगांनाही गडाची पहाट आठवली नाही.

"आमचं चुकलं," मानकोजी म्हणाले.

"दोघांचं चुकलं. किती दगड आहेत?"

"दोन प्रहरांचे."

बाहेर बेग हसले. "एवढा वेळ मला कोण देतो? आता ऐका. शत्रू आमच्या पाठीला लागून आहे. दार किलकिलं झालं तर आमच्याआधी तोच आत शिरेल. काढलेले दगड परत लावा."

"बेगसाहेब, हे मला सांगू नका."

"आत वहिनीसाहेब आहेत. लावा."

कुणी हलेना. मग मानकोजींनी स्वतः एक दगड उचलला आणि जागेवर ठेवला. दुसरा सगुणाबाईंनी दिला. भिंत पुरी होईपर्यंत बाहेर तलवारी वाजत होत्या. नंतर त्या थांबल्या.

रविवारी पाणी संपले. शत्रूकडून सत्तर जणांच्या प्राणांच्या अभयाचा कौल घेऊन मानकोजींनी गड खाली केला. कौल पाळला गेला.

त्यानंतर ते एकटेच बेगांच्या गावी गेले. बेगांच्या पत्नी पडद्याआड बसल्या होत्या. मानकोजींनी जे घडले ते सगळे सांगितले, स्वतःची चूकही सांगितली. पडद्यामागून एकच प्रश्न आला, "कोणत्या वारी गेले?"

मानकोजींनी मान खाली घातली.

"शनिवारी," ते म्हणाले.