तीन म्हटलं की उठायचं

लोकांना हसवून मी तीस वर्षं पोट भरलं, त्यातली शेवटची सहा लहान मुलांच्या टीव्हीवर. माझ्या मालिकेत एक स्वयंपाकीण उंदराला तव्यानं हाणायची. उंदीर कागदासारखा चपटा व्हायचा. मग पडद्यामागून "एक, दोन, तीन", की उंदीर टुणकन उभा. नियम चॅनेलवाल्यांचा. मुलांना मारलेलं चालतं, मेलेलं चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते बरं पडलं. मरणावर विनोद सुचायला वेळ लागतो.

मी निवृत्त झालो, मालिका झाली नाही. पाच वर्षांची नात रोज दुपारी दोन भाग बघते आणि मी शेजारी डुलक्या काढतो.

मंगळवारी ती खिडकीच्या कट्ट्यावर पट्टीनं मुंग्या चिरडत होती. एक चिरडायची, तीनपर्यंत मोजायची. मुंगी चालू लागायची. मी चष्मा पुसला. या वयात बऱ्याच गोष्टी चष्म्यावर ढकलता येतात.

बुधवारी गॅलरीत कबूतर पडलं होतं, मान भलत्याच बाजूला. नातीच्या हातात तवा. "एक, दोन, तीन." कबूतर उठलं आणि कठड्यावर जाऊन बसलं. मान तशीच.

सून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिला सांगितलं.

"बाबा, लिहिलंत तुम्ही, आता निस्तरा तुम्हीच."

"बाळाला तिच्याजवळ एकटं सोडू नकोस."

"तो बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. सोमवारपासून हूं की चूं नाही. झोपत तेवढा नाही."

आतल्या खोलीत आठ महिन्यांचा नातू खुळखुळा वाजवत होता. घड्याळानं लाजावं असा ताल.

गुरुवारी मी नातीला समोर बसवलं.

"टीव्हीतलं सगळं खोटं असतं बरं का."

"कबूतर उठलं की."

पण मालिका माझी होती. मी कागद घेतला आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं: आजपासून तीन म्हटलं तरी कुणी उठणार नाही.

"सही करा," ती म्हणाली. आजीवर गेली आहे.

मी सही केली, खालच्या दोन टिंबांसकट. तिनं तवा माझ्या हातात दिला. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

गॅलरीत काहीतरी धप्पकन पडलं. कबूतर.

कट्ट्यावरच्या काही मुंग्या रांगेतच थांबल्या होत्या. मी फुंकर मारली. त्या धुळीसारख्या उडाल्या.

"आजोबा, आधी उठलेत ते पण?"

"कोण आधी?"

ती तव्याकडे बघत होती.

"सोमवारी बाळ पटकन उठत नव्हतं. मी दोनदा मोजलं."

मी कागद फाडला. मग तुकड्यांचे तुकडे केले.

खुळखुळा थांबला होता.

"हळू बोला हं," आतून सून कुजबुजली. "झोपला एकदाचा."