सात नंबरची पेळू

“गुरुवार जवळ आला का यायची भूक मरते, अन् वरण मले गाईले घालावं लागते,” मामी चुलीपाशी मामांबद्दल पुटपुटत होती. “साबणाची वडी तर चार दिवस पुरत नाई.”

कोकिळा दाराआड बसून पायातला काटा काढत होती. चोरून ऐकत नव्हती. कान मात्र मोकळे होते.

त्र्याऐंशी सालच्या मे महिन्यात ती आणि धाकटा भाऊ कवडू हिंगणीहून वर्ध्याला प्रभाकरमामांकडे सुट्टीला आले होते. मामा कपाशीवर फवारायचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात. दिवाळीत मामांनी कोकिळेची सशीण हिंगणीहून नेली होती, ‘कंपनीच्या बागेत ठेवतो’ म्हणून. सूत कातायच्या पेळूसारखी पांढरी आणि मऊ, म्हणून तिचं नाव पेळू. आल्यापासून कोकिळेनं चार वेळा बाग दाखवा म्हटलं, आणि चारही वेळा मामांना नेमकं काहीतरी काम आठवलं.

“आज डबाच विसरले,” मामी म्हणाली. “प्रमिले, देऊन ये. फाटकावरच देजो, आत जाऊ नको.”

“काऊन?” कवडूनं विचारलं.

“सांगितलं तेवढं कर.”

प्रमिला मामांची तेरा वर्षांची मुलगी. ‘आत जाऊ नको’ म्हटलं की तिचे पाय आपोआप आत वळत. त्यातून फाटकावरचा चौकीदार तोंडावर दुपट्टा टाकून घोरत होता. तिघंही सरळ मागच्या टिनाच्या शेडकडे गेली.

आधी वास आला. फिनाईल, कुजका पाला आणि खाली काहीतरी गोडसर, घशाला चिकटणारं. कवडूनं सदऱ्यात नाक खुपसलं. आत जाळीचे पिंजरे होते. कोपऱ्यातल्या एका पिंजऱ्यात एक ससा आडवा पडून मागचे पाय झाडत होता, थांबत होता, पुन्हा झाडत होता. त्याच्या तोंडाभोवती वाळलेला फेस होता. बाजूच्या खिळ्यावर रबराची नळी लटकत होती, धुतलेली, तरी पिवळी. आणि पिंजऱ्याला टेकूनच कोणाचातरी चहाचा कप.

“इथं बसून चहा पेतात?” प्रमिला म्हणाली.

दुसऱ्या बाजूला दहा धडधाकट ससे होते. प्रत्येकाच्या पाठीवर जांभळ्या शाईनं आकडा. सात नंबरच्या सशाचा डावा कान टोकाशी फाटलेला होता. लहानपणी मांजरीनं फाडला होता तो. कोकिळेनं जाळीला बोट लावलं तशी पेळू येऊन ते हुंगू लागली.

“घे अन् पळ,” कवडू म्हणाला. “मी पिशवी धरतो.”

कोकिळेनं कडीला हात घातला. मग बाकीच्या नऊ जणांकडे पाहिलं आणि हात तिथंच राहिला.

“हे पाह्य,” प्रमिला टेबलाशी वाकली होती. टेबलावर जाड रजिस्टर उघडं होतं. “नियम लिहिला आहे. दहा जनावराइले औषध पाजायचं, चौदा दिवस पाहायचं, किती मेले ते लिहायचं.”

“मग?”

“खाली तारीख उद्याची आहे. पाजलेले दहा. मेलेले पाच.”

“उद्याचे आजच मेले?” कवडूनं बोटं मोजली.

प्रमिलेनं मागची पानं उलटली. दहा, पाच. दहा, पाच. तीन वर्षं हेच, अक्षर तिच्या बाबांचं.

“हात लावू नका कशालेच!” दारात मामा उभे होते. तिघांना त्यांनी नळावर नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले. मग स्वतःचे धुतले. मग पुन्हा धुतले.

“मामा, पेळू बागेत होती ना?” कोकिळा म्हणाली.

“खड्डे करत होती बागेत,” मामा साबणाकडे पाहत म्हणाले. “उद्या तपासणीले नागपूरचे साहेब येणार आहेत. गुरुवारचं औषध अकराले पाजायचं आहे. तुमी घरी राहा.”

घरी कोण राहतं? दुसऱ्या दिवशी दहालाच तिघं लिंबाच्या सरबताचा डबा घेऊन कारखान्यात हजर. “आईनं साहेबाइसाठी पाठवलं,” हे प्रमिलेनं इतक्या गंभीरपणे सांगितलं की चौकीदारानं सलाम ठोकला.

ऑफिसात मॅनेजर महादेवराव नागपूरच्या सदाशिवराव साहेबांपुढे अहवाल ठेवत होते. मामा भिंतीशी उभे. अहवालात याच दहा सशांपैकी पाच मेलेले होते, चौदा दिवसांची पाहणीही होती.

कवडूनं पेला पुढे केला. “साहेब, ते पाच मेलेले आम्हाले दाखवता का? आम्ही मोजले तर दहाच्या दहा पाला खाऊन राह्यले.”

“पोरं आहेत, साहेब,” महादेवराव हसले.

“सात नंबरची माझी आहे,” कोकिळा म्हणाली. “तिले अकराले पाजणार आहेत. अन् ती मेली का वाचली, ते कालच लिहून झालं.”

साहेब उठले, शेडमध्ये गेले; मागोमाग सगळे, चौकीदारसुद्धा. दहा ससे मोजले, मग रजिस्टर पाहिलं, मग पिंजऱ्याजवळचा कप पाहून रुमालानं तोंड दाबलं.

“तीन वर्षं औषध तेच?”

“तेच, साहेब,” महादेवराव म्हणाले. “कृतीत काडीचा फरक नाही.”

“मग प्रत्येक खेपेला काचेच्या नळीत तपासून माल तोच आहे एवढं दाखवलं तरी भागलं असतं. निम्मे मरेपर्यंत विष पाजायचं, यावर आता जगभर भांडण चाललंय. कमी जनावरांत कसं होईल, जनावरांशिवाय कसं होईल, लोक डोकं फोडून शोधताहेत.” त्यांनी पाठीवरचे आकडे पुन्हा पाहिले. “आज कोणालाही काही पाजायचं नाही. या मुलांनी नीट मोजलं, शाबास. आम्ही तीन वर्षं नुसत्या सह्या केल्या.”

कोकिळेनं कडी काढली आणि पेळूला छातीशी धरलं. काळीज धडधडत होतं. पेळूचं की स्वतःचं, तिला कळेना.

“पण एक सांगा,” साहेब म्हणाले. “आकडा आधीच लिहिलेला असायचा, तर मागाहून पाजायचं कशाला?”

महादेवराव छताकडे पाहू लागले. चौकीदार फाटकाकडे. प्रमिला बाबांकडे.

मामांनी हात पँटीला पुसले. ते कोरडेच होते.

“हिशेबात ससे संपलेले दिसाले पाह्यजे म्हणून, साहेब,” ते म्हणाले. “कशासाठीच नाई. आम्ही त्याइले उगाच मारत होतो.”