आखडत गेलेली वाट

निवृत्त झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात मी घरातली सगळी कपाटं मोजली. दुसऱ्यात दारं आणि खिडक्या मोजल्या. तिसऱ्यात स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूला चार मिलिमीटर खाली आहे असं लक्षात आलं आणि ते मी बायकोला ऐन घाईच्या वेळी सांगितलं. तिने हातातली पळी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुम्ही बाहेर जाता, की मी जाऊ?"

मी चौतीस वर्षं मोजणी खात्यात नकाशे काढले. माझ्या एकाही नकाशात चूक निघालेली नाही. फुशारकी म्हणून नव्हे, पुढचं सांगणारा माणूस कसा आहे ते कळावं म्हणून हे सांगतोय. मला भास होत नाहीत. स्वप्नं पडतात तीही कचेरीची, आणि त्यातसुद्धा मी फायलीच शोधत असतो.

बाहेर जायला निमित्त मिळालं ते वाचनालयामुळे. तिथल्या ग्रंथपालबाईंना 'घराजवळचं पाणी' नावाचं प्रदर्शन भरवायचं होतं. आमच्या घरामागून जो ओढा वाहतो त्याच्या काठच्या पायवाटेचा नकाशा हवा होता, आणि सोबत फोटो. नकाशा माझा, फोटो माझ्या मेहुण्याचे, असं ठरलं. सहा आठवड्यांची मुदत होती. बाई मुदतीच्या बाबतीत कडक. त्यांनी एकदा नगराध्यक्षांकडूनही उशिरा आणलेल्या पुस्तकाचा दंड घेतला होता.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहतो. वीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. त्यामुळे पाणपक्ष्यांनाही तो "मान जरा इकडे... हां, आता हलायचं नाही," असं सांगायचा. पक्ष्यांच्या जाती त्याच्या लेखी दोनच: बगळा आणि बगळा नसलेला. पण हात स्थिर होता आणि मन निर्मळ. दिवसभर बडबड करायचा आणि वाटेत दोनदा डबा उघडायचा.

वाट आमच्या मागच्या फाटकापासून सुरू होते. आधी लव्हाळ्यांतून खाली उतरते, मग बांधावरून ओढ्याच्या उजव्या हाताने जाते. पुढे एक ओणवं झाड लागतं, त्याच्यापाशी दगडाच्या तीन पायऱ्या, त्यानंतर लोखंडी साकव, आणि शेवटी बंद पडलेलं पंपहाऊस. पहिल्या गुरुवारी सकाळी मी मोजणीचं चाक घेऊन निघालो. काठीला लावलेलं हे साधं चाक असतं, एक फेरी म्हणजे एक मीटर. फाटकापासून पंपहाऊसच्या दारापर्यंत दोन हजार एकशे चाळीस मीटर भरले.

पुढच्या गुरुवारी पुन्हा मोजलं. एकदा मोजलेलं मी मोजलेलं समजत नाही. दोन हजार शहाण्णव.

"चव्वेचाळीस मीटर कमी," मी म्हणालो.

"भावोजी, त्यात काय एवढं? गेल्या वेळी तुम्ही चिखल चुकवत नागमोडी गेला असाल."

मी नागमोडी जात नाही. घरी येऊन चाक ओसरीवर फिरवलं. ओसरी साडेसहा मीटर आहे, चाकानेही साडेसहाच सांगितलं. ओसरीवर शंभर वेळा फिरवलं. साडेसहाशे. शेजाऱ्यांनी येऊन विचारलं, की घरात कोणी आजारी आहे का.

मग मी पक्कं काम करायचं ठरवलं. पांढरा रंग दिलेल्या लाकडी खुंट्या तयार केल्या, त्यांवर काळ्या रंगात आकडे घातले आणि दर पन्नास मीटरवर एक अशा एकेचाळीस खुंट्या वाटेच्या कडेला ठोकल्या. मेहुण्याने प्रत्येक खुंटीचा फोटो काढला. अठराव्या खुंटीमागे ते ओणवं झाड होतं, एकोणिसाव्या खुंटीपाशी तीन पायऱ्या. मधल्या पायरीवर बसून त्याने डबाही खाल्ला. म्हणून ती पायरी त्याला पक्की आठवत होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघालो. पंधरा, सोळा, सतरा, एकवीस.

मी थांबलो. मागे गेलो. सतरा. पुढे आलो. एकवीस. दोन्ही खुंट्यांमधलं अंतर बरोबर पन्नास मीटर.

"शेळीने खाल्ल्या असतील," मेहुणा म्हणाला.

"खुंट्या?"

"शेळी काहीही खाते."

"आणि झाड? आणि पायऱ्या?"

त्यावर त्याने कॅमेरा सुरू केला. आम्ही कॅमेऱ्याच्या पडद्यावर जुने फोटो काढून पाहिले. झाड होतं, पायऱ्या होत्या, मधल्या पायरीवर त्याचा डबाही होता. समोर मात्र सलग गवत होतं. खणलेली माती नाही, तुटलेली फांदी नाही, खुंटी उपटल्याचं भोक नाही. सतराव्या खुंटीपाशी ओढ्यात एक शेवाळलेलं फळकूट वाहत आलं आणि एकविसाव्या खुंटीपाशी वळून गेलं. जणू मध्ये कधी काही नव्हतंच.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं हे ऐकलं होतं. मोजता येईना रस्ता आखूड हे नवीन."

ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रस्त्याची लांबी बदलत असेल तर बदलू दे. प्रदर्शनाची तारीख बदलणार नाही."

डॉक्टर मात्र खूश झाले. पूर्वी मला पंपहाऊस गाठून परत यायला दीड तास लागायचा, आता सव्वा तास लागत होता. "बघा, चालण्याचा वेग कसा वाढलाय," असं म्हणून त्यांनी माझी एक गोळी कमी केली.

त्यानंतरच्या आठवड्यात बावीस ते छत्तीस गेल्या, आणि त्यांच्यासोबत साकवही. आता सगळी वाट मिळून अकराशे शहाण्णव मीटर. रात्री नकाशाच्या कागदासमोर बसलो की हात चालेना. चौतीस वर्षांत मी जमिनीवर कधी अविश्वास दाखवला नव्हता. माणसं खोटं बोलतात, कागद खोटे असतात, पण जमीन जागच्या जागी असते, या एका गोष्टीवर मी पगार घेतला होता.

माझा चेहरा बघून बायको विरघळली असावी. दोन दिवस दुपारी बसून तिने नायलॉनच्या लांब दोरीला दर दहा मीटरवर एक गाठ मारली. "चाक चुकेल, खुंट्या शेळी खाईल," ती म्हणाली, "पण माझी गाठ सुटत नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तुम्हाला माहीत आहे."

बेत सोपा होता. दोरीचं एक टोक धरून ती मागच्या फाटकापाशी स्टुलावर बसणार. मी आणि मेहुणा दोरी सोडत पंपहाऊसपर्यंत जाणार. मेहुणा तिथे दोरी ताणून उभा राहणार आणि मी दोरीच्या कडेने तपासत परत येणार. फोन तिघांचेही चालू. सकाळचे साडेनऊ, स्वच्छ ऊन.

जाताना एकशे एकोणीस गाठी झाल्या. हिशेब चाकाशी जुळला. मेहुण्याने दोरीचा वेढा मनगटाला घेतला, पाय रोवले आणि म्हणाला, "लवकर या भावोजी, डबा तुमच्या पिशवीत आहे."

मी परत निघालो. दोरी कमरेच्या उंचीवर ताठ होती, बोटाने छेडली की वाजत होती. मी गाठी मोजत होतो. पाणी खळखळत होतं. पलीकडच्या काठावर एक खंड्या बसला होता आणि मेहुणा नसल्यामुळे निवांत होता.

एकसष्टाव्या गाठीपाशी दोरी सैल झाली.

आधी तिने थोडासा झोल घेतला. मग गवतावर टेकली. मग आडवी पडली.

"का सोडलीस रे?" मी फोनवर ओरडलो.

"कोणी सोडली? मनगटाला वळ उठलाय माझ्या!"

"अहो," बायकोचा आवाज आला, "ही दोरी किती येतेय इकडे? मी ओढत नाहीये. माझ्या पायाशी ढीग झालाय."

"टोक सोडू नकोस."

"नाही सोडत. पण हे काय चाललंय?"

मी चालू लागलो. घर अजून जवळजवळ सहाशे मीटरवर असायला हवं होतं. मी पावलं मोजली. सवयीने.

बावीस पावलांवर आमचं फाटक होतं.

बायको स्टुलावर बसली होती. तिच्या पायांभोवती घोट्यापर्यंत दोरीची वेटोळी. ती ओठ हलवत गाठी मोजत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अठ्ठावन्न."

मी फोन कानाला लावला. "कुठे आहेस?"

"पंपहाऊसपाशी. जिथे ठेवलंत तिथे."

ते वाक्य मला दोनदा ऐकू आलं. एकदा फोनमधून. एकदा वळणावरच्या लव्हाळ्यांपलीकडून, लांबून पण स्पष्ट.

"हललास का?"

"नाही हो," दोन्हीकडून उत्तर आलं. "हे काय, तुमचं फाटक इथून दिसतंय?"

बायको उठली. आयुष्यात तिने आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तो त्या दिवशी ऐकला. "दोरी धरून ये! इकडे तिकडे बघू नकोस, फोटो काढू नकोस, सरळ ये!"

तो आला. दोरी गुंडाळत, मान खाली घालून, लहान मुलासारखा. पोचल्यावर तिने त्याच्या शर्टाची कॉलर धरली ती चहा होईपर्यंत सोडली नाही. एका हाताने कप धरून त्याने पाच बिस्किटं खाल्ली आणि मग म्हणाला, "ताई, मी खरंच हललो नाही. पण पाठीमागून कोणीतरी चटई गुंडाळावी ना, तसं वाटलं."

"तू त्या वाटेला पुन्हा जाणार नाहीस," ती म्हणाली. "आणि तुम्हीही."

आम्ही गेलो नाही. फाटकाला कुलूप लागलं, किल्ली तिच्याकडे. गच्चीवरून पाहिलं तर पंपहाऊसचं छप्पर स्पष्ट दिसायचं. तिथून मी कोनमापकाने अंतर काढलं: सहाशे बारा मीटर. दुसऱ्या दिवशी सहाशे बारा. आठवड्यानेही सहाशे बारा. वाट थांबली होती.

नकाशा मी प्रामाणिकपणे काढला. एका कागदावर पाच रेषा, प्रत्येकीखाली लांबी आणि तारीख. खाली सही केली. ग्रंथपालबाईंनी चष्मा वर करून तो पाहिला आणि म्हणाल्या, "आधुनिक दिसतोय. लावू या."

प्रदर्शन चांगलं झालं. फोटो लोकांना फार आवडले. मेहुणा नवा शर्ट घालून प्रत्येकाला बगळे दाखवत होता. त्यातला एक बगळा नव्हता, पण कोणी हटकलं नाही. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक बाई आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला कापडी पिशवी, हसरा चेहरा. सगळे फोटो भरभर बघत त्या पुढे गेल्या आणि अठराव्या खुंटीच्या फोटोपाशी थबकल्या.

"अय्या," त्या म्हणाल्या, "हे आमच्याकडचं झाड."

"हे आमच्या घरामागचं आहे," मी म्हणालो. "होतं."

"नाही हो. आमच्या दारातून नदीवर जायची पायवाट आहे ना, तिच्यावर आहे. हल्लीच आलंय. ह्या पायऱ्याही. पांढऱ्या खुंट्यांवर आकडे घातलेत कोणीतरी, आम्हाला वाटलं सरकारी काम असेल." त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहत होत्या, दोन बस बदलून आल्या होत्या. "पूर्वी पाच मिनिटांत नदी यायची. आता हे फिरायला जातात ते रोज थोडे उशिरा येतात. लांबलीय ना वाट."

मेहुणा जवळ येऊन उभा राहिला होता. त्याच्या तोंडात बिस्किट होतं, पण तो चावत नव्हता.

"तुमचे यजमान..." मी विचारलं. "आज आले आहेत सोबत?"

"छे. गेल्या रविवारी फिरायला गेलेत ते अजून वाटेतच आहेत." ओशाळल्यासारखं हसून त्या म्हणाल्या, "माझा भाऊ परवा त्यांना आणायला गेला, तोही त्यांच्याच सोबत आहे. काळजीचं काही नाही हो, रोज फोन येतो. रोज म्हणतात, आलोच, घर दिसतंय."

मी त्यांच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"आज मात्र चेष्टाच केली माझी," पिशवी खांद्यावर सावरत त्या म्हणाल्या. "मी बसमध्ये होते, तेव्हा फोन आला. म्हणाले, आता अगदी जवळ आलोय, तू दारात उभी दिसतेयस. मी म्हटलं, अहो, मी दारात कुठे, मी बसमध्ये आहे. मग भावाने फोन घेतला. म्हणाला, असं कसं ताई, तूच तर आहेस. हात हलवून बोलावते आहेस आम्हाला."