वीस वाव पाण्यातली मोरी

संचिता मालवणात उतरली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि तिचं डोकं आधीच तापलेलं होतं. मासळीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेत अकरा वर्षं ती बांगडे आणि तारल्या मोजत आली होती. आता कुठे खोल समुद्रातला एक दुर्मीळ शार्क हाती लागला होता, तर फोनवर कुणी धड काही सांगेना. कुणी म्हणे काल सापडला, कुणी म्हणे परवा. किती खोल पाण्यात, याची तीन माणसांनी तीन उत्तरं दिली. वेळ आणि खोली पक्की नसेल तर नोंद बाद होते, हे तिने प्रत्येकाला समजावलं होतं, आणि प्रत्येकाने ‘होय, होय’ म्हणून फोन ठेवला होता.

ज्यांच्या होडीतून तो आला ते तांडेल परशुराम बर्फाच्या कारखान्याच्या दारात उभे होते. साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी थंड खोलीचं जाड दार उघडलं, पण स्वतः उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

आत एकच पिवळा दिवा, अमोनियाचा वास आणि कुठेतरी थेंब पडत असल्याचा आवाज. बर्फाच्या चुऱ्यात ती मोरी आडवी होती. शार्कला इथे मोरीच म्हणतात. साडेआठ फूट लांब, अंग ढिलं, लोळागोळा. डोक्यातून पुढे आलेलं सुऱ्याच्या पात्यासारखं चपटं नाक, त्याखाली सुयांसारखे दात. आणि कातडीचा रंग गुलाबी, नुकत्याच न्हालेल्या तान्ह्या पोरासारखा.

त्या रंगानेच संचिता वैतागली. या माशाची कातडी इतकी पातळ असते की आतलं रक्त दिसतं, म्हणून तो गुलाबी. मेला की काही तासांत राखाडी पडतो. ही आजचीच होती.

“परशुरामकाका, खरं सांगा. कधी सापडली?”

“परवा सकाळी.”

“आणि किती पाण्यात?”

“वीस वाव.”

हा मासा राहतो पाचसहाशे वाव, म्हणजे तीनेक हजार फूट खोल, जिथे उजेडसुद्धा पोचत नाही, असं तिने शक्य तितक्या शांतपणे सांगितलं. वीस वावांत त्याचं काय काम? परशुराम उंबऱ्यापर्यंत सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, “ती जाळ्यात गावूक नाय, मॅडम. होडयेच्या मागसून येय होती. तोंड वर काढून... माझ्याकडे बघी होती. पोरांनी ओढून वर घेतल्यानी. हिका खंय पाठवू नकात. परत नेऊन सोडूया.”

आता हेही फॉर्मवर लिहायचं का, असं तिला विचारावंसं वाटलं. तिने दार ओढून घेतलं आणि कामाला लागली.

टेप लावताना पाहिलं तर जबडा बाहेर आला होता. शिकार टिपताना ही मोरी अख्खा जबडा वीतभर पुढे फेकते. मेल्यावर स्नायू सैल पडले की तो लोंबतो, हे तिने वाचलं होतं. तिने तो तळव्याने आत ढकलला, आकडा लिहिला, वर पाहिलं. जबडा पुन्हा बाहेर. तिने पुन्हा ढकलला. तिसऱ्यांदा तो तिच्या तळव्याखालीच सरकला. सावकाश, नेटाने... आतून कुणी लोटत असल्यासारखा.

तिने हात काढून घेतला. स्वतःवरच चिडून सुरी उचलली आणि यकृताचा नमुना घ्यायला पोटावर छोटा छेद दिला. हातमोज्यातूनही बोटांना ऊब लागली. थर्मामीटर आत घातला. सदतीस अंश, जिवंत माणसाच्या अंगाइतकी ऊब. झटकला, बर्फात खुपसला, शून्यावर आला. पुन्हा आत घातला.

सदतीस.

पुढचं काम तिने घाईघाईत उरकलं. छेद शिवला, मोरी लाकडी पेटीत घालायला चार हमाल बोलावले, वर भरपूर बर्फ ओतायला लावला. बर्फ कारखान्याच्या विहिरीच्या गोड्या पाण्याचा होता. दीड वाजता मुंबईच्या संग्रहालयाकडे जाणारी गाडी निघाली. फॉर्मवर तापमानाचा रकाना तिने कोराच सोडला. परशुराम बंदरावर बसून होते. गाडी गेल्याचं कळल्यावर ते उठले आणि घरी गेले.

साडेतीनला गाडीच्या ड्रायव्हरचा, विनीतचा फोन आला.

“मॅडम, हायवेवर तळेऱ्याक थांबलंय. पेटीतसून पाणी गळता.”

बर्फ वितळणारच, नवीन भरून घे, एवढंही विचारून करायचं का, असं ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

“तसा नाय, मॅडम...” तो अडखळला. मागे पाणी कोसळत असल्याचा आवाज होता. “अर्धो तास झालो, थांबणा नाय. रस्तो सगळो भिजलो. आणि तोंडावर उडाला म्हणून कळला...”

“काय?”

“पाणी खारां आसा.”