शिऱ्यातला खडा

दुपारी दोनपासून वृंदा आणि प्रतीक परातीत प्रसादाचा उरलेला रवा निवडत होते. वीज गेलेली, मे महिन्याची तलखी आणि दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या तिसऱ्या मजल्यावर वाऱ्याचं नाव नाही.

"पाच किलो झाला. एक खडा नाही यार," प्रतीकने मान चोळली.

"मग काकांचा दात तुटला कशाने?" वृंदा म्हणाली.

काल सोसायटीतल्या कीर्तनानंतर दिनकरकाकांनी सर्वांदेखत सांगितलं होतं, शिऱ्यात खडा होता, समोरचा दात तुटला. अकरा वर्षं भक्तीने प्रसाद करणाऱ्या विठामावशींनी शिऱ्याचं पातेलं झाकून ठेवलं. उद्या सप्ताहाच्या समारोपाला शिऱ्याऐवजी दुकानातले पेढे ठरले. "थकलेच आता मी," एवढंच मावशी बोलल्या. वृंदाला ते सोसेना.

संध्याकाळी ती झांजा घेऊन बुवांच्या मागे उभी राहिली. तिथून सगळे श्रोते दिसतात. अभंगाला सगळ्यांच्या टाळ्या, काकांच्याही. मग बुवांनी आख्यान लावलं. बाळ ध्रुव एकटा रानात निघाला, टाळ्या थांबल्या आणि काकांचं बोट तोंडात गेलं. कुट. मग दुसरं. कुट.

वृंदाने प्रतीकला डोळ्यांनीच आधी काका, मग प्रभाकाकू दाखवल्या. प्रतीक उठला. "प्रभाकाकू, तिकडे हवा छान येते," म्हणत त्याने दातांच्या डॉक्टरीणबाईंना थेट काकांशेजारी नेऊन बसवलं.

आरती झाल्यावर वृंदाने विचारलं, "काका, तो खडा दाखवता?"

काकांनी ओठ घट्ट मिटले.

"भावजी, आ करा बरं," प्रभाकाकूंनी टॉर्च लावला. "शिरा कुणी पुढच्या दातांनी चावतं का? नखं कुरतडून कडा झिजल्यात, चिरा पडल्यात. कोपरा तुटणारच होता. हिरडीही सुजलीय, आत नखाचा कपटा रुतलाय."

काकांनी बोटं मुठीत लपवली. "नोएडाच्या कारखान्यात नवी परदेशी मशीनं आलीत. कोणाला घरी पाठवणार, त्याची यादी लागायचीय. हात तोंडात कधी जातो, कळत नाही. काल कीर्तनातच तुकडा हातात आला. लाज वाटली, म्हणून खडा म्हणालो. विठाताई, चुकलो मी."

"आधी दाताचं बघा," मावशी म्हणाल्या. "शिरा मऊच असतो, उद्या खाता येईल."

बुवांनी गळ्यातला हार काढून वृंदाला घातला. "आजचं निरूपण तुम्हा पोरांचं."

मावशी भिंतीला धरून उठल्या. "वृंदे, सकाळी सहाला ये. ढवळायला हात लागेल. माझ्या गॅसपाशी आजवर कुणाला उभं केलं नाही हो."