पुट्टी अजून ओली आहे

काचवाला आणि डॉक्टर पहिल्यांदा भेटले तेव्हा दोघांच्या मध्ये एक काच होती, आणि ती खाली ठेवायची काही सोय नव्हती.

झालं असं, की दवाखान्याच्या दाराची काच तडकली होती. नवी बसवायला तो सकाळीच आला. काच उचलली, चौकटीपाशी नेली, टेकवायला कमरेत वाकला... आणि वाकलेलाच राहिला. ना वर होता येईना, ना खाली.

आतून डॉक्टर आली. बघते तर काचेपलीकडे एक उंचापुरा माणूस अर्धा दुमडलेला, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर मात्र असं हसू, की जसं काही हा इथे असाच उभा राहायला आलाय.

“काय झालं?”

“काही नाही. काच बघतोय.”

“अजून किती वेळ बघणार?”

“तुम्ही जरा... ती बाजू धरता का?”

तिने धरली. दोघांनी मिळून काच भिंतीला टेकवली. मग त्याने मान वाकडी करून दारावरची पाटी वाचली. कायरोप्रॅक्टर. मणक्यांचे आणि सांध्यांचे हाताने उपचार.

“वा! नशीब बघा माझं,” तो कळवळत म्हणाला, “अडकायचं तर कुठे अडकलो!”

दवाखाना तिचा आणि तिच्या आत्याचा. आत्याचे हात आता थकले होते, म्हणून ती स्प्रिंगचं एक छोटं यंत्र वापरायची. पेनाएवढं. मणक्यावर टेकवलं की टिक् करून हलकासा ठोका द्यायचं. डॉक्टर त्याला लाडाने ‘टिकटिक्या’ म्हणायची, पण मनातून तिला आपल्या हातांचाच तोरा होता. आणि का नसावा? अर्धवट सोडून दिलेला एकही पेशंट तिच्या नावावर नव्हता.

तिने त्याला आत टेबलावर झोपवलं, त्याचे पाय उचलून पाहिले, बोटांना स्पर्श कळतो का ते विचारलं, पायाच्या पंजाने आपला हात ढकलायला लावला.

“आता मोडणार ना कटाकट?” त्याने डोळे घट्ट मिटले.

“आज अजिबात नाही. कंबर आधीच चिडलीय, तिला आणखी कशाला डिवचा!”

तिचं टेबल मधोमध दुमडायचं. एक तळवा त्याच्या कमरेवर ठेवून दुसऱ्या हाताने तिने टेबलाचा पायाकडचा भाग सावकाश खाली नेला, वर आणला, परत खाली. मणक्यांमध्ये जराशी जागा होते, दबाव हलका होतो, असं ती समजावत होती. तो मात्र निम्मंच ऐकत होता. उरलेलं लक्ष त्या तळव्याकडे.

तो उठला तेव्हा वाकडाच होता, पण चालू शकत होता. डॉक्टर नको नको म्हणत असताना त्याने जोडीदाराला बोलावून दाराची काच बसवून घेतली, आणि तिच्यावर खडूने मोठी पांढरी फुली मारली.

“हे काय?”

“नवी काच दिसत नाही, लोक धडकतात. पुट्टी वाळली की ज्याने बसवली त्यानेच फुली पुसायची. आमच्यात तशी रीत आहे.”

मग तो येत राहिला. दुसऱ्या खेपेला तिने कमरेखालचा टेबलाचा तुकडा किंचित उचलून अडकवला आणि तळव्याने झटकन दाब दिला. तुकडा खाडकन खाली बसला.

“मेलो!”

“दुखलं?”

“नाही... पण सांगून तरी मारायचं हो!”

“टेबल पडलं, तुम्ही नाही. ते पडतं म्हणून मला जोर कमी लावावा लागतो.”

“म्हणजे एवढं सगळं कमी जोरात?” तो पालथाच हसला. “तुमच्याशी भांडायची सोय नाही.”

पुढे कंबर निवळली, तेव्हा कुशीवर वळवून तिने नुसत्या हाताने सांधा मोकळा केला. कट्ट!

“मोडलं ना काहीतरी?”

“काही मोडलं नाही. सांध्यातला वायू सुटला, बोटं मोडताना सुटतो तसा. आवाज आला म्हणजेच काम झालं, असंही नसतं.”

“मग कशावरून कळतं?”

“तुम्ही परवा शीळ घालत आलात ना, त्यावरून.”

त्याचे कान लाल झाले. तिचेही झाले असतील, पण तिने नेमकी तेव्हाच पाठ फिरवली.

फुलीचं मात्र दर वेळी एकच उत्तर. “पुट्टी अजून ओली आहे.”

“पुट्टी आहे का लोणी?” आत्या एकदा आतून ओरडलीच.

त्याच्या डोक्यात एक मोठी काच होती. नव्या वाचनालयाची दर्शनी काच, महिनाअखेरीला बसायची. “यंत्र उचलून आणतं, पण शेवटचा हात माणसांचा,” तो सांगायचा. “मधे मी उभा राहणार. एवढी मोठी काच मी कधी बसवली नाही. तेव्हा नेमकी कंबर धरली तर...”

“धरणार नाही,” ती ठासून म्हणाली. “त्या काचेपुढे तुम्हाला मी उभं करणार. मी!”

आणि तिथेच घोळ झाला.

त्या खेपेला कंबर बरी होती, फक्त अवघडलेली मान उरली होती. तो उताणा झोपला, त्याचं डोकं तिच्या दोन्ही हातांत. मानेचं काम झटक्याचं, पण अगदी मोजकं. पेशंटने मान पूर्ण सैल सोडायची आणि डॉक्टरच्या मनात दुसरा विचार येता कामा नये. त्याने डोळे मिटले. डोकं जड झालं, श्वास लांब झाला... इतका विश्वास! तिने त्याच्या पापण्यांकडे पाहिलं, आणि तिचा हात अडखळला.

आत्याने शिकवलेला पहिलाच नियम होता. ज्याच्यावर हात अडखळेल, तो पेशंट आपला राहिला नाही. त्याला दुसऱ्याकडे सोपवायचं, त्याच दिवशी.

“उठा,” ती म्हणाली. आवाज कोरडा आला. “आजपासून आत्या बघतील तुम्हाला.”

तो उठून बसला. “माझं काही चुकलं का?”

“नाही.”

“मग तुम्हीच उभं करणार होतात ना मला...”

आत जाऊन तिने नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. तोही गेला आणि हातांचा तोराही गेला, असं तिला वाटलं.

तो आत्याकडे येत राहिला. टिक्, टिक्. पडद्याआडून एवढंच ऐकू यायचं. आता शीळ नव्हती. जाताना तो दाराशी थांबायचा, फुलीकडे बघायचा आणि न पुसताच निघून जायचा.

महिनाअखेरीला वाचनालयापुढे ही गर्दी! पावसाची भुरभुर होती. यंत्राने काच आणली, माणसांनी काचेला चिकटवलेल्या रबरी पकडी धरल्या. मधे तो. गुडघ्यांत वाकला, पाठ सरळ, दोन्ही खांदे एका रेषेत... आणि काच चौकटीत अशी अलगद बसली, की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गर्दीत मागे उभी असलेली डॉक्टर सगळ्यात जोरात वाजवत होती. कंबर तिच्या हातची होती, मान टिकटिक्याची. त्या यंत्राचाही तिला आज भारी अभिमान वाटला.

“कोण हो तो मधला?” शेजारच्या आजोबांनी विचारलं.

“आमचा आहे,” ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

तो खडू घेऊन आतल्या बाजूने फुली मारत होता. काचेतून ती दिसली, तसा खडू थांबला. तो बाहेर आला.

“मान कशी आहे?” तिने विचारलं.

“आत्यांना विचारा. मी तुमचा पेशंट नाही.”

“म्हणूनच आले.” तिने श्वास घेतला. “तुमचं डोकं हातात होतं, आणि माझा हात अडखळला. आजवर कधी अडखळला नव्हता. ज्याच्यावर जीव जडला, त्याला डॉक्टर म्हणून हात लावायचा नसतो. तुम्हाला मीच बरं करायचं होतं हो... पण मला तुम्ही हवे होतात. दोन्ही जमत नव्हतं.”

तो बघतच राहिला. “आत्या म्हणाल्या होत्या, भाची कुणाला अर्धवट सोडत नाही, तुला का सोडलं याचा विचार कर. मी खूप केला.”

“मग?”

“मला वाटलं, मी घोरलो.”

ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. हसता हसता म्हणाली, “आमच्या दाराची पुट्टी केव्हाच वाळलीय.”

“ती दुसऱ्याच दिवशी वाळली होती. पण फुली पुसली असती, तर बरा झाल्यावर तिथे यायला कारण काय उरलं असतं?”

“आता कारण लागणार नाही. पुस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओलं फडकं घेऊन आला. फुलीची एक रेघ त्याने बाहेरून पुसली आणि दुसरी राखून ठेवली. ती बाहेर आली, त्याच्या हातून फडकं घेतलं आणि दुसरी पुसली. काच लख्ख झाली.

“कोण आलंय गं?” आत्याने आतून विचारलं. “पेशंट का?”

“नाही!” डॉक्टर म्हणाली, आणि पेशंट नसल्याचं इतक्या तोऱ्यात तिने उभ्या आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं.